शेडमधलं जायरोप्लेन : वाचकांचे प्रश्न, फिटरची उत्तरं

दोन अंकांपूर्वी याच पानावर मी चार ओळी लिहिल्या होत्या. निवृत्तीनंतर सुट्या भागांचं किट मागवून घरच्या शेडमध्ये एकाच खुर्चीचं जायरोप्लेन (वर मोकळी फिरणारी पाती आणि पाठीमागे इंजिनाचा पंखा असलेलं छोटं उडतं यंत्र) बांधलं, त्याला सव्वादोन वर्षं लागली आणि ते उडतं, एवढंच. त्या चार ओळींवर इतकी पत्रं आली की संपादकांनी पिशवीच माझ्या हातात ठेवली. मी लेखक नाही. बत्तीस वर्षं तंत्रशाळेत पोरांना कानस कशी धरायची ते शिकवलं, त्यामुळे उत्तरंही त्याच सुरात येतील. पत्रांतली नावं गाळली आहेत आणि लांब पत्रांना कात्री लावली आहे.

काका, मी अकरावीत आहे. जायरोप्लेनच्या वरच्या पात्यांना इंजिन जोडलेलंच नसतं असं वाचलं. मग ती फिरतात कशी? आणि इंजिन बंद पडलं तर?

लहानपणी भिरभिरं घेऊन पळाला असशील. भिरभिऱ्याला कुठे इंजिन असतं? तू पळतोस, हवा त्याच्यातून जाते आणि ते फिरतं. इथे पळण्याचं काम पाठीमागचा पंखा करतो. उडताना इंजिन फक्त त्यालाच जोडलेलं असतं. वरच्या फिरत्या पात्यांची तबकडी, म्हणजे रोटर, किंचित मागे कललेली असते, म्हणून पुढे जाताना हवा तिच्यातून खालून वर निघते. हेलिकॉप्टरमध्ये नेमकं उलटं असतं. तिथे इंजिन पाती फिरवतं आणि पाती हवा खाली लोटतात.

हे पहिल्यांदा जमवलं ते स्पेनच्या हुआन दे ला सिएर्वा यांनी. १९१९ मध्ये त्यांनी आखलेलं एक मोठं विमान वेग कमी झाल्यामुळे कोसळलं. वेग गेला तरी पडणार नाही असं काहीतरी बनवायचं, हे वेड तिथून त्यांच्या डोक्यात शिरलं. पहिले प्रयत्न फसले, यंत्र एका कुशीवर कलंडायचं. कारण साधं होतं. पुढे जाणाऱ्या पात्याला वारा जास्त मिळतो आणि मागे येणाऱ्याला कमी, म्हणून एक बाजू जास्त उचलली जाते. सिएर्वांनी प्रत्येक पातं बुडाशी बिजागरीवर बसवलं. ज्या पात्याला जास्त वारा मिळेल ते थोडं वर उठेल आणि फरक आपोआप मिटेल, असा त्यामागचा विचार. जानेवारी १९२३ मध्ये त्यांचं सी-४ उडालं. आजच्या दोन पात्यांच्या रोटरमध्ये वेगळ्या बिजागऱ्या नसतात. मधल्या एकाच बोल्टावर दोन्ही पाती सी-सॉसारखी डोलतात. त्याला टीटर बोल्ट म्हणतात. हे नाव लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

इंजिन बंद पडलं तर यंत्र खाली यायला लागतं. खाली येतानाही हवा खालूनच येते, म्हणून पाती फिरत राहतात. पण ‘पॅराशूटसारखं अलगद उतरतं’ हे जाहिरातीचं वाक्य समज. ३०० मीटर उंचीवर इंजिन गेलं तर हाताशी फार तर किलोमीटरभर अंतर असतं, आणि शेवटी नाक उचलून टेकवायला पुढचा वेग राखून ठेवावा लागतो. माझं इंजिन एकदाच बंद पडलं, तेही धावपट्टी पायाखाली असताना. व्यवस्थित उतरलो. पण पुढची दहा मिनिटं खुर्चीतून उठलो नाही, पायच ऐकेनात.

किट म्हणजे नेमकं काय येतं? जागा, हत्यारं, वेळ किती लागतो? माझ्याकडे एक मोटार राहील एवढी शेड आहे.

माझ्याकडे चार पेट्या आल्या. एकीत ॲल्युमिनियमच्या चौकोनी नळ्या, दुसरीत इंजिन, तिसरीत चाकं, खुर्ची, टाकी आणि पिशव्याच पिशव्या, आणि एक लांबलचक पेटी पात्यांची. पहिले तीन दिवस मी पान्ह्याला हातही लावला नाही. यादी घेऊन एकेक बोल्ट मोजला, व्हर्निअर लावून मापला आणि डब्यांना चिठ्ठ्या लावल्या. एका पिशवीत लांबी चुकीची निघाली. बांधकाम अर्ध्यात असताना हे कळलं असतं तर ‘चालवून घेऊ’ म्हणायचा मोह झाला असता.

एका मोटारीची शेड सांगाड्याला पुरते. पात्यांना पुरत नाही. एकेक पातं तीन-साडेतीन मीटर लांब असतं. ते भिंतीला तिरकं टेकवून ठेवायचं नाही, दोन ठिकाणी मऊ आधार देऊन आडवं ठेवायचं. मी आढ्याखाली दोन झोळ्या बांधल्या होत्या.

हत्यारं फार लागत नाहीत. चांगलं उभं ड्रिल, भोक नेमक्या मापाचं करणारा रीमर, बारीक कानस, अंश दाखवणारी लेव्हल, ओळंबा आणि बोल्ट ठरलेल्या जोरानेच आवळता यावा म्हणून टॉर्क रेंच. टॉर्क रेंच उसना आणू नका. तो कुणाच्या हातातून किती वेळा पडलाय ते उसना देणारा सांगत नाही.

वेळ? माझ्या वहीत ७४३ तास आहेत, पुस्तिकेत दिलेल्याच्या जवळजवळ दुप्पट. त्यातले कितीतरी तास मी नुसता स्टुलावर बसून पुढच्या पायरीकडे बघत होतो. तेही कामच आहे.

आणखी एक. पेटी फोडण्याआधी तुमच्या देशातल्या विमान नियामकाकडे जाऊन या. अमेरिकेत हौशी बांधणीच्या वर्गात नोंद हवी असेल तर निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने शिकण्यासाठी किंवा हौसेखातर स्वतः केलेलं असावं लागतं. लोक त्याला ५१ टक्क्यांचा नियम म्हणतात. तिथेच सुमारे ११५ किलोच्या आतल्या, एका माणसाच्या हलक्या यंत्रांना वेगळा, सुटसुटीत नियम आहे. काही ठिकाणी मात्र प्रत्येक टप्प्यावर तपासनीस येऊन सही करतो आणि त्याच्या सहीआधी झाकलेला जोड पुन्हा उघडावा लागतो. म्हणून नियम आधी वाचा, पान्हा नंतर उचला.

माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. नुसते आराखडे घेऊन नळ्या मी स्वतः कापल्या, वेल्डिंग केलं आणि बोल्ट बाजारातले वापरले तर काय बिघडेल?

तुमचा हात चांगला असणार, त्याबद्दल शंका नाही. धोका तिथेच आहे.

अशा सांगाड्याची नळी बहुधा ६०६१-टी६ जातीच्या ॲल्युमिनियमची असते. त्यातल्या टी६ चा अर्थ उष्णतेची प्रक्रिया करून आणलेली ताकद. त्यावर वेल्डिंग केलंत की जोडाच्या आजूबाजूची ती ताकद उतरते. टाका सुंदर दिसतो आणि नळी शेजारी तुटते. म्हणून हे सांगाडे पट्ट्या आणि बोल्टांनी जोडतात. वेल्डिंगचे सांगाडेही असतात, पण ते क्रोमोली नावाच्या मिश्र पोलादाचे, आणि त्यांची आखणीच वेगळी असते. एकाचा आराखडा घेऊन दुसऱ्याचा माल वापरायचा नाही.

आता बोल्ट. विमानाच्या पोलादी बोल्टाच्या डोक्यावर फुलीसारखी खूण असते. त्याचा गुळगुळीत दांडा भोकात घट्ट बसून भार घेतो. आटे भोकात येता कामा नयेत, कारण आट्यांवर आडवा भार आला की ते नळीला करवतीसारखे कापतात. नटाच्या बाहेर निदान एक पूर्ण आटा दिसायला हवा. आणि जिथे जोड हलतो किंवा फिरतो, तिथे नायलॉनचा लॉकनट चालत नाही. तिथे खाचांचा नट आणि तो सुटू नये म्हणून त्यातून आरपार टोकं दुमडलेली कॉटर पिन. यात हौसेला जागा नाही.

पात्याच्या बुडाशी काय येतं याचा हिशोब एकदा मी फळ्यावर मांडून पाहिला. ७ मीटर व्यासाचा रोटर मिनिटाला ३५० फेरे घेतोय असं धरा. टोकाचा वेग ताशी साडेचारशे किलोमीटरच्या पुढे जातो. पातं ९ किलोचं धरलं तर ते बुडाशी सुमारे २ टनांनी बाहेर ओढत असतं. दोन्ही बाजूंची ओढ पात्यांना जोडणारी मधली पट्टी एकमेकींत जिरवते, म्हणून आपल्याला ती जाणवत नाही. ती पट्टी आणि तिचे बोल्ट मी कुणाच्या वर्कशॉपमध्ये करू देणार नाही, माझ्यासुद्धा.

आता माझीच गोष्ट सांगतो. मास्टच्या, म्हणजे रोटर पेलणाऱ्या उभ्या खांबाच्या, वरच्या टोकाला भोक पाडायचं होतं. ते रोटर हेड, म्हणजे पाती ज्यावर बसतात ते डोकं, धरणाऱ्या बाजूच्या पट्टीसाठी, चीक प्लेटसाठी. सेंटर पंच मारला, ड्रिल लावलं आणि नळी शिकंज्यात किंचित सरकली. भोक दोन मिलिमीटरने कडेकडे गेलं. पाव इंची बोल्टाला भोकाच्या मध्यापासून कडेपर्यंत निदान बोल्टाच्या जाडीच्या दुप्पट, म्हणजे १२.७ मिलिमीटर धातू हवा. माझ्याकडे १०.७ उरला होता. बत्तीस वर्षं पोरांनी करून आणलेले जॉब याहून कमी चुकीसाठी कचऱ्यात टाकणारा मी, अकरा दिवस त्या भोकाला कारणं देत बसलो. प्लेट जाड आहे, खाली दुसरा बोल्ट आहे, भार तर उभा आहे. बाराव्या दिवशी नवी नळी मागवली. ती यायला सात आठवडे लागले. जुनी नळी शेडमध्ये टांगली आहे, भोकाभोवती तांबडं वर्तुळ काढून.

तंत्रशाळेत करणारा एक असायचा आणि तपासणारा दुसरा. घरी दोन्ही आपणच. तुमच्या वर्कशॉपमध्ये तुमचा जॉब तुमच्या तोंडावर नाकारेल असा एक तरी माणूस आहे का? असेल तर किट घ्या आणि त्याला शनिवारी शेडमध्ये बोलवा.

मी विमान चालवतो. चारशे तासांचा अनुभव आहे. जायरोप्लेन त्याहून सोपं असतं म्हणतात. बांधून झाल्यावर मोकळ्या धावपट्टीवर हळूहळू स्वतः शिकता येईल ना?

नाही.

एवढ्यावर थांबलो असतो, पण तुम्ही चिडाल. सगळ्या पत्रांत मला काळजी वाटली ती तुमच्याच पत्राची. नवशिक्याला काही येत नाही आणि ते त्याला माहीत असतं. तुमच्या हाताला मात्र चारशे तासांची सवय आहे आणि ती सवय इथे उलटी पडते.

विमानात वेग पडतोय असं वाटलं की तुमचा हात नियंत्रणाची काठी पुढे लोटतो. तिथे ते बरोबरच आहे. जायरोप्लेनमध्ये काठी झटक्यात पुढे लोटलीत की यंत्र क्षणभर हलकं होतं, पोटात गोळा येतो तसं. आपल्या पोटात नुसता गोळा येतो, रोटरचं मात्र पोषणच तुटतं. पाती फिरतात ती त्यांच्यावर यंत्राचं वजन लटकतं आणि खालून हवा येते म्हणून. वजन गेलं, हवा थांबली की फेरे उतरायला लागतात. फार उतरले तर ते हवेत परत आणता येत नाहीत.

त्यात दुसरी भानगड आहे. पाठीमागचा पंखा यंत्राला ज्या रेषेत ढकलतो ती थ्रस्ट लाइन. ही रेषा यंत्राच्या गुरुत्वमध्याच्या बरीच वरून जात असेल तर पंखा सतत नाक खाली दाबत असतो. साठ-पासष्ट अश्वशक्तीचं इंजिन दीडशे किलोच्या आसपास ढकलतं असं धरा आणि रेषा १० सेंटिमीटर वर आहे असं धरा. म्हणजे यंत्रापुढे एक मीटर लांब दांडा काढून त्याच्या टोकाला १५ किलोचं पोतं लटकवल्यासारखं झालं. एरवी रोटरची ओढ ते पोतं तोलून धरते, म्हणून वैमानिकाला कळतही नाही. पण तुम्ही काठी पुढे लोटलीत आणि रोटर हलका झाला, की तोलणारा हात निघून जातो आणि पोतं तसंच राहतं. यंत्र पुढच्या पुढे कोलांटी खातं. एखाद-दुसऱ्या सेकंदाचं काम. पाती शेपटीवर येतात आणि पुढे सांगण्यासारखं काही उरत नाही.

घाबरवायला लिहीत नाही. अमेरिकेत इगोर बेन्सन यांनी १९५० च्या दशकात जायरोप्लेनचे आराखडे आणि किट घरोघर पोहोचवले, हौशी माणसाला त्यांनी आकाश दाखवलं. त्यांचं ऋण मी मानतो. पण त्या छोट्या, एकाच खुर्चीच्या यंत्रांत शिकवणारा शेजारी बसू शकत नव्हता. माणसं एकट्याने शिकली आणि त्यातली बरीच अशीच गेली. पुढे ग्लासगो विद्यापीठात ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणासाठी संशोधन झालं. त्यातून निघालेली एक ठळक शिफारस म्हणजे थ्रस्ट लाइन गुरुत्वमध्याच्या वर-खाली दोन इंचांच्या आत असावी. तुमचं किट निवडताना रंग, वेग, इंजिन सगळं नंतर विचारा. पहिला प्रश्न हा दोन इंचांचा. दुसरा प्रश्न, आडवी शेपटी आहे का, पुरेशी मोठी आणि पुरेशी मागे. ती नसलेली जुनी यंत्रं तुम्हाला कुणी ‘चपळ’ म्हणून दाखवेल. हात जोडून निघून या.

हे घरी तपासता येतं. रोटर उतरवून यंत्र टीटर बोल्टाच्या जागेवरून टांगायचं, खुर्चीत स्वतः बसायचं, टाकीत ठरलेलं इंधन ठेवायचं आणि नाक किती अंश खाली झुकतं ते मोजायचं. ही झाली हँग टेस्ट. आकडा आराखड्यात दिलेला असतो. मग टांगण्याची जागा थोडी पुढे सरकवून पुन्हा टांगायचं. दोन्ही वेळा टांगलेल्या बिंदूतून ओळंबा सोडून सांगाड्यावर रेघ मारायची. दोन रेघा जिथे छेदतात तिथे तुमच्यासकट यंत्राचा गुरुत्वमध्य. गवंड्याचा ओळंबा आणि दोन रेघा, बस्स. माझा गुरुत्वमध्य थ्रस्ट लाइनच्या २२ मिलिमीटर खाली निघाला. त्या रात्री झोप चांगली लागली. टांगायची तुळई मात्र आधी दुप्पट वजनाने ताणून बघा. माझी पहिली तुळई कुरकुरली होती.

शिकायचं दोन खुर्च्यांच्या यंत्रात, शिक्षकाबरोबर, आणि तेही तुमचं इंजिन बसवायच्या आधी. काठी किती कमी हलवायची हेच तिथे शिकायचं असतं. यंत्र वरखाली डोलायला लागलं की नवा हात प्रत्येक झोक्याला उशिरा उत्तर देतो आणि झोका वाढवतो. माझ्या शिक्षकांनी पहिले तीन तास मला काठी दोन बोटांनी धरायला लावली. साठीच्या माणसाला. राग आला होता.

माझे पती वर्षभर रात्री शेडमध्ये जायरोप्लेन बांधत आहेत. मला यंत्रातलं काही कळत नाही. ‘तू काळजी करू नकोस’ एवढंच म्हणतात. मी काय विचारायला हवं?

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुमच्या यजमानांनाही हा अंक द्या.

यंत्रातलं काही कळत नाही हीच तुमची जमेची बाजू आहे. आमच्या घरची हकीकत सांगतो. कंट्रोलचे दोन दांडे काठीपासून रोटर हेडपर्यंत वर जातात, डावा आणि उजवा. काठी हलली की हे दांडे डोकं कलतं करतात. त्यांच्यातला एक सुटला तर काठी हातात राहते, यंत्र मात्र आपल्या मर्जीने जातं. दांडे बसवून झाले. मी दोनदा तपासले, वहीत सही केली. दुसऱ्या दिवशी आमची ही चहा घेऊन आली, कप ठेवला आणि म्हणाली, “डावीकडे टाचणी आहे. उजवीकडे का नाही?”

उजवीकडची कॉटर पिन घातलेलीच नव्हती. नट बरोबर बसला होता, खाच भोकासमोर आली होती, फक्त पिन नाही. मी दोनदा बघितलं होतं आणि दोन्ही वेळा मला ती दिसली होती. तिथे ती असणार हे डोक्याला आधीच माहीत होतं, म्हणून डोळ्यांनी दाखवली. तिच्या डोक्याला काहीच माहीत नव्हतं, म्हणून तिला भोक दिसलं. आयुष्यभर कपडे शिवलेल्या बाईची नजर. डावी बाही आणि उजवी बाही सारखी हवी, एवढंच तिचं शास्त्र.

त्या दिवसापासून आमच्याकडे रीत पडली. मी नट आवळला की त्यावर पिवळ्या रंगाची बारीक रेघ ओढायची, नटावरून सांगाड्यापर्यंत. नट जरा सरकला तरी रेघ तुटलेली दिसते. आणि तिने दर रविवारी हातात बॅटरी घेऊन फिरायचं. रेघ नसलेला नट, दुसऱ्या बाजूसारखी नसलेली बाजू, कुठे घासणारी तार. मी शेजारी उभं राहायचं आणि बोलायचं नाही. हे न बोलणं मला सगळ्यात जड गेलं.

तुम्ही तेच करा. विचारायचंच असेल तर म्हणा, “वही दाखवा.” कुठल्या तारखेला काय केलं, किती टॉर्क लावला, काय चुकलं आणि काय बदललं. वहीत एकही चूक लिहिलेली नसेल तर मला कळवा, मी स्वतः येऊन त्यांच्याशी बोलतो. आणि ते उडायला कुणाकडे शिकत आहेत ते विचारा. शिक्षकाचा तपशील आला नाही तर खुशाल भांडा.

रोटर फिरवला की काठी गोल-गोल हलते. पाती दोनदा वजन करून जुळवली. आता काय?

दोरी लावलीत का? वजन जुळलं तरी दोन्ही पाती एका रेषेत नसतील तर रोटर तुम्हाला हलवणारच. मासे पकडायची बारीक नायलॉन दोरी एका पात्याच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत ताणा, दोन्हीकडे नेमक्या सारख्या खुणेवर. दोरी टीटर बोल्टाच्या बरोबर मध्यावरून जायला हवी. माझी मिलिमीटरभर बाजूने जात होती, आणि तेवढ्यावर गुडघ्यांना ढोल लागत होता. मग पात्यांचा माग बघा, म्हणजे दोन्ही टोकं एकाच पातळीत फिरतात का. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि लिहून ठेवा. आज शिम (फट भरायची पातळ चकती), उद्या पात्याचा कोन. दोन्ही एकदम बदललंत तर कशाने बरं झालं ते कधीच कळणार नाही.

जमिनीवरची एक खोड सांगून ठेवतो. फेरे पुरेसे नसताना वेगात पळू नका. मागे येणारं पातं हवा सोडतं, पाती वरखाली आपटायला लागतात, काठी हातातून हिसकली जाते आणि पाती शेपटीला किंवा पंख्याला लागतात. नवं यंत्र न उडताच मोडतं ते बहुधा असं. प्रीरोटेटरने, म्हणजे उडण्याआधी जमिनीवरच पाती फिरवून देणाऱ्या जोडणीने, फेरे वर आणा, मगच हळूहळू वेग द्या. काठीला झटके बसायला लागलेच तर थ्रॉटल बंद, काठी पुढे, थांबा. शिक्षकाने हे दाखवलं असेल. नसेल तर शिक्षक बदला.

आणि खिशाची चेन लावा. पंखा तुमच्या पाठीमागे आहे, टोपी, पेन, विसरलेला नट, जे सुटेल ते त्याच्यातूनच जाणार.

एकाने अर्धवट बांधलेलं किट स्वस्तात मिळतंय. घेऊ का?

बांधणाऱ्याची वही सोबत मिळत असेल तर जाऊन बघा. नसेल तर तुम्ही नळ्या विकत घेत नसून दुसऱ्याची अकरा दिवसांची कारणं विकत घेताय. वापरलेली पाती ठोकर खाल्लेली आहेत का हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही, ती घेऊच नका.

सांगाड्याला कुठला रंग द्यावा? मुलगी लाल म्हणते.

लाल रंग शेपटीला द्या, चाकांच्या झाकणांना द्या, मुलीची हौस होऊ द्या. नळ्यांना मात्र जाड रंग नको. तडा रंगाखाली वाढत राहतो आणि तुम्ही चकचकीत पृष्ठभागाकडे बघत राहता. माझ्या नळ्या ॲनोडाइझ केलेल्या आहेत, फिक्या राखी. बोल्ट जरा सैल झाला, नळी प्लेटवर घासू लागली की ॲल्युमिनियमची काळपट भुकटी बाहेर येते, आणि फिक्या नळीवर ती काजळाच्या बोटासारखी उठून दिसते. गेल्या महिन्यात पुढच्या चाकाच्या जोडाशी तशी एक रेघ दिसली. यंत्र सध्या शेडमध्ये आहे, जोड उघडलेला आहे, आणि तिथे दोन नव्या बोल्टांची वाट बघणं चाललंय.